आळशी डोळा खरं तर आळशी नसतोच

लेझी आय, म्हणजे डॉक्टर ज्याला अँब्लियोपिया म्हणतात, त्याला आळशी डोळा म्हणणं मला तरी पटत नाही, कारण डोळा बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, सगळा घोळ मेंदूत असतो. लहानपणी एक डोळा तिरळा असेल किंवा दोन्ही डोळ्यांच्या नंबरात खूप फरक असेल तर मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं जातात, मग तो त्यातलं एक सरळ दाबूनच टाकतो, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की त्या डोळ्याने चष्मा लावूनही नीट दिसत नाही. शंभरातल्या दोन-तीन मुलांना हा त्रास असतो.

यावर जुना उपाय म्हणजे आधी चष्मा आणि मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. त्याने फरक पडतो, पण मुलं पट्टी ओढून काढतात, आणि एक डोळा झाकल्यावर दोन्ही मिळून बघायची सवय कशी लागणार?

व्हीआर हेडसेटची, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या, आत स्क्रीन असलेल्या गॉगलसारख्या यंत्राची गंमत इथेच आहे. त्यात प्रत्येक डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं, त्यामुळे चांगल्या डोळ्याचं चित्र मुद्दाम फिकं करायचं, कमजोर डोळ्याचं ठळक ठेवायचं, म्हणजे मेंदूला दोघांचंही ऐकावंच लागतं. गेम असेल तर बॉल एका डोळ्याला दिसतो आणि बॅट दुसऱ्याला, एकाला गप्प बसवलं की हरलाच.

पण गेम कंटाळवाणा असेल तर सगळं मुसळ केरात. 2016 मध्ये अमेरिकेत आयपॅडवरच्या अशाच एका गेमची 385 मुलांवर चाचणी झाली, तो काही पट्टीपेक्षा सरस ठरला नाही, आणि बहुतेक मुलं सांगितलेला वेळ खेळलीच नाहीत. ल्युमिनोपिया नावाच्या अमेरिकी कंपनीने गेमऐवजी हेडसेटमध्ये थेट कार्टून दाखवली, रोज 1 तास, आठवड्यातून 6 दिवस. 105 मुलांच्या चाचणीत 12 आठवड्यांनी कमजोर डोळ्याची नजर तक्त्यावर सरासरी 1.8 ओळी सुधारली, नुसता चष्मा लावणाऱ्यांची 0.8. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी त्याला परवानगी दिली, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच.

घरातला साधा गेमिंग हेडसेट लावून मात्र हे होणार नाही, त्यात दोन्ही डोळ्यांना सारखंच ठळक चित्र जातं आणि मेंदू परत आपला लाडका डोळा निवडून मोकळा होतो.