फाइल बॅकग्राउंड चेकला अडकलीय? फोन करायच्या आधी हे वाचा

रोज एक तरी फोन असतो, "सर मेडिकल पास झालं, एलिजिबिलिटी झाली, बॅकग्राउंड चेक मात्र कधीचं इन प्रोग्रेसच दाखवतंय, तुम्ही काहीतरी करा ना." प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. हे कॅनडा पीआरवाल्यांसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायला अर्ज करणाऱ्यांसाठी आहे, ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे, त्यांनी येऊन भेटा.

पासपोर्ट सेवा केंद्रातून पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, मिळाली की बॅकग्राउंड चेक झाला असं बरेच जण धरून चालतात. तसं नाहीये. पाचशे रुपये फीची ती पीसीसी त्यातला फक्त एक कागद. पुढे कॅनडाचं इमिग्रेशन खातं म्हणजे आयआरसीसी स्वतः रेकॉर्ड बघतं, आणि सिक्युरिटीसाठी गरज वाटली तर फाइल तिकडच्या बॉर्डर एजन्सीकडे आणि गुप्तचर खात्याकडे, म्हणजे सीबीएसए आणि सीएसआयएसकडे जाते. तिथे गेली की ना आमचं चालतं ना कोणाच्या ओळखीचं. एक्सप्रेस एंट्रीचे, म्हणजे पीआरच्या ऑनलाइन अर्जाच्या रस्त्याचे, सहा महिने म्हणतात ते टार्गेट आहे, गॅरंटी नव्हे. "दिल्लीत सेटिंग आहे, क्लिअर करून देतो" म्हणणारा भेटला तर चहा प्या आणि उठा.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू, कारण सगळा दोष कॅनडावर ढकलून पण चालत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो एकाच गोष्टीत, गेल्या दहा वर्षांचा हिशोब. दहा वर्षांचा, किंवा वय कमी असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासूनचा. त्यात एकही महिना रिकामा चालत नाही, आणि आपले लोक नेमके रिकामे महिनेच गाळतात. डिग्री जून 2017, पहिली नोकरी मार्च 2018, मधे काय? "काही नाही सर, घरीच होतो." मग तसंच लिहायचं, बेरोजगार, पत्ता अमुक. एमपीएससी करत सदाशिव पेठेत राहिलात तर तेही लिहा, तिथला पत्ता पण. निफाडला घरची द्राक्षाची बाग बघत होतात तर तेही कामच आहे, "ती काय नोकरी थोडीच" म्हणून सोडू नका. वाकडला कॉट बेसिसवर तीन रूम बदलल्या असतील तर तिन्ही पत्ते हवेत. गॅप दिसला की अधिकारी फॉर्म 5669, म्हणजे हा सगळा हिशोब भरायचा फॉर्म, परत मागतो, मग तुमचं उत्तर, मग परत वाट बघणं, आणि तुम्ही आम्हाला विचारता उशीर का.

गॅप भरायला मामाच्या दुकानाचं खोटं लेटर आणतो म्हणणारे पण येतात. तेव्हा आम्ही सरळ नाही म्हणतो, तुमची फाइल आमच्या हातून गेली तरी चालेल. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं बंदी लागते. बेरोजगार असल्याबद्दल कोणी बंदी घालत नाही.

लग्न झालेल्या ताईंनी विशेष लक्ष द्या. माहेरचं नाव, आणि लग्नात पहिलं नाव पण बदललं असेल तर तेही, "इतर नावं" मध्ये टाकायचं. दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि फॉर्मवर "नो", याच्यात दोन्हीकडचा वेळ जातो. देवळालीहून रिटायर झालेल्या फौजींनी युनिट, रँक, ठिकाणं, तारखा सगळं द्या, त्याचा वेगळा रकाना आहे.

दुबई, मस्कतला सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्यांना तिथली पीसीसी पण लागते, दहा वर्षांच्या आतलं असेल तर. पीआरचा अर्ज करायचं इन्व्हिटेशन आल्यावर साठच दिवस मिळतात त्यामुळे परदेशातल्या पीसीसीची तयारी आधीच करा. भारतातली मात्र फार आधी काढू नका, इथेच राहत असाल तर अर्ज करताना ती सहा महिन्यांच्या आतली हवी.

लोक म्हणतात तुमचा प्रश्नांचा फॉर्म फार लांबलचक आहे, बाकीचे एजंट दोन पानात उरकतात. उरकतात खरं. आम्ही पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीतल्या जॉइनिंग आणि सोडल्याच्या तारखा, फॉर्म 16, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं समोर ठेवून महिना न् महिना जुळवतो, मगच फाइल तपासायला जाते, आणि ती लायसन्स असलेल्या कन्सल्टंटच्याच सहीने जाते, फी घेणाऱ्याकडे लायसन्स हवंच असा कॅनडाचा कायदा आहे. हे सगळं ठरलेल्या फीमध्येच, वेगळे पैसे नाहीत.

फाइल ऑलरेडी गेलीय आणि फारच लांबली तर जीसीएमएस नोट्स, म्हणजे आयआरसीसीच्या कॉम्प्युटरमधल्या तुमच्या फाइलच्या नोंदी, मागवता येतात, अधिकाऱ्याने काय नोंद केली ते त्यात कळतं. ॲक्सेस टू इन्फर्मेशनमधून, म्हणजे तिकडच्या माहिती अधिकारातून, सरकारी फी पाच कॅनेडियन डॉलर आहे, त्याचे कोणी हजारो मागत असेल तर आधी आम्हाला विचारा. दुसरीकडून केलेल्या फाइलीही आम्ही बघून देतो. मधल्या काळात लग्न झालं, बाळ झालं, नोकरी किंवा पत्ता बदलला, तर लगेच कळवा.

येताना रद्द झालेला जुना पासपोर्ट पण आणा, तो लोक हमखास घरी विसरतात. आणि आमचं ऑफिस नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला नाही, कॉलेज रोडला आहे.