तीन अ‍ॅम्प आणि एक तानपुरा

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका मित्राच्या हॉलमध्ये तीन पॉवर अ‍ॅम्प शेजारी शेजारी मांडले होते. पहिला क्लास ए, दर चॅनेलला २५ वॅटचा, उचलायला दोघं लागले. दुसरा क्लास डी, जेवणाच्या डब्याएवढा आणि २०० वॅटचा. तिसरा ३००बी या व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली काचेची नळी) चालणारा, जेमतेम ८ वॅटचा. स्पीकर तेच, खोली तीच, आणि प्रत्येक वेळी सुरुवात तानपुऱ्याने.

पहिल्या फेरीत आमचं एकमत झालं. क्लास एवर तानपुऱ्याची जवारी उलगडत होती, क्लास डीवर ती थोडी आक्रसल्यासारखी वाटत होती. मग मित्राने मल्टीमीटर काढला. ५० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजलं, तर क्लास डीवर २.८३ व्होल्ट आणि क्लास एवर ३.०६. म्हणजे क्लास ए जवळपास ०.७ डेसिबलने मोठा वाजत होता. एवढा फरक आवाज वाढल्यासारखा जाणवत नाही. तो जाणवतो ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ म्हणून. आवाज वाढला की खर्ज आणि अतितार भागातलं आपल्या कानाला तुलनेने जास्त ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये कानाचा हा स्वभाव मोजून ठेवला आहे. त्यामुळे दोन अ‍ॅम्पची तुलना करताना त्यांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. कानाने हे जमत नाही, मीटर लागतो. साधा मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या आसपास नीट मोजतो, म्हणून सूर तोच निवडायचा.

पातळी जुळवल्यावर क्लास ए आणि क्लास डी यांच्यातला आमचा फरक विरघळून गेला. व्हॉल्व्हचा मात्र तसाच राहिला. मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या राहिलेल्या फरकाने, पण त्याआधी हे वर्ग म्हणजे काय ते पाहायला हवं.

पॉवर अ‍ॅम्पचं काम सांगायला सोपं आहे. एखाद-दोन व्होल्टचा सिग्नल घ्यायचा, त्याचा आकार तसाच ठेवून तो वीसेक पट मोठा करायचा आणि स्पीकरला हवा तेवढा करंट पुरवायचा. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट म्हणजे २८.३ व्होल्ट, लाटेच्या माथ्यावर ४० व्होल्ट आणि ५ अँपिअर. हे बहुतेक वेळा दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीकडे सोपवलेलं असतं. एकाने लाटेचा वरचा अर्धा भाग उचलायचा, दुसऱ्याने खालचा.

क्लास एमध्ये दोघंही सतत चालू असतात, गाणं वाजत असो वा नसो. एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून सांधा नाही. किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. अशा जोडीची कार्यक्षमता पूर्ण आवाजालाही जास्तीत जास्त ५० टक्के. हळू आवाजात बहुतेक सगळी वीज हीट सिंकमधून खोलीत जाते. मित्राचा अ‍ॅम्प शांत बसलेला असतानाही सुमारे २०० वॅट खातो. संध्याकाळी चार तास लावला तर महिन्याला २४ युनिट, आणि वैशाखात ती उष्णता बाहेर काढायला पंख्याची किंवा एसीची वीज वेगळी. आपल्या हवेत क्लास ए विकत घेणाऱ्याने हा हिशेब घेण्यापूर्वीच करावा.

क्लास बीमध्ये एकजण काम करताना दुसरा बंद असतो. कार्यक्षमता ७८.५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण लाट शून्यातून जाताना सोपवासोपवीच्या क्षणी एक बारीक मुरड पडते. यालाच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात; डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचा मूळ आकार बिघडणं. ही मुरड आवाजाबरोबर लहान होत नाही. मोठ्या आवाजात ती झाकून जाते; तानपुऱ्याची तार विरत असते तेव्हा ती तुलनेने मोठी ठरते. घरातले बहुतेक अ‍ॅम्प क्लास एबीचे असतात. त्यांत दोघांनाही थोडा बायस, म्हणजे कायम वाहणारा थोडासा करंट, देऊन जागं ठेवलेलं असतं, म्हणजे सोपवणं सावकाश होतं. म्हणून माहितीपत्रकात ‘पूर्ण शक्तीला ०.०१ टक्का डिस्टॉर्शन’ लिहिलेलं असेल, तर माझं मन तेवढ्यावर भरत नाही. एका वॅटच्या दहाव्या भागाला ते किती, हे मला पाहायचं असतं. आपण राहतो तिथेच.

खरंच तिथेच. मित्राचे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतात. सोफ्यापर्यंत येताना ते सुमारे ८३ होतात. संध्याकाळचं ऐकणं सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास असतं, त्याला ०.१६ वॅट पुरतो. तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर गेली तर शक्ती १०० पट, म्हणजे १६ वॅट लागते. २०० वॅटचा अ‍ॅम्प १०० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा फक्त ३ डेसिबल वर जातो, हे दुकानात उभं असताना आठवायला हवं. आणि ८ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्या थापेला अपुरा पडतो. थापेचा माथा छाटला जातो. या बाबतीत कोणाला ऐकू येतं आणि कोणाला नाही असा वादच नाही.

क्लास डीबद्दल एक गैरसमज आहे की डी म्हणजे डिजिटल. तसं नाही; ए, बी, सी यांच्यानंतरचं ते अक्षर आहे. यात ट्रान्झिस्टर अर्धवट चालू कधीच नसतो. तो पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. चालू राहण्याचा काळ सिग्नलप्रमाणे कमीजास्त होतो आणि शेवटी एक कॉइल आणि कपॅसिटर मिळून त्या ठोक्यांची पुन्हा सलग लाट करतात. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने एक्स-१० नावाचं असं किट विकायला आणलं होतं, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर या कामाला पुरेसे चपळ नव्हते. पुढेही बराच काळ अडचण त्या शेवटच्या कॉइलची होती. बाहेर आलेला सिग्नल आत परत आणून चूक दुरुस्त करणाऱ्या फेऱ्याच्या, म्हणजे फीडबॅकच्या, बाहेर ती राहायची, त्यामुळे वरच्या सुरांचं प्रमाण स्पीकरगणिक बदलायचं. बेल्जियमचे ब्रुनो पुटझेज यांनी फिलिप्समध्ये असताना कॉइलच्या पलीकडून फीडबॅक घेणारी रचना केली, नंतर २०११ मध्ये हायपेक्स कंपनीसाठी एनकोर आणि २०१९ मध्ये प्युरिफाय कंपनीचं मॉड्यूल आलं. आज या घराण्यातल्या अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन ०.००१ टक्क्याच्याही खाली मोजलं जातं. क्लास डी फक्त सबवूफरपुरता ठीक, हे मत मी पूर्वी ऐकायचो. आता ते धरून ठेवण्याला आधार उरलेला नाही.

फीडबॅकचा उल्लेख आला. बहुतेक आधुनिक अ‍ॅम्पचा पाया तोच, आणि त्याची जन्मवेळही माहीत आहे. बेल लॅब्जचे हॅरॉल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी एकामागे एक शेकडो अ‍ॅम्प जोडावे लागत आणि प्रत्येकाची थोडी थोडी चूक साठत जाई. बोटीत त्यांना सुचलं: बाहेर आलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत परत आणायचा. जे मूळात नव्हतं ते आपोआप वजा होईल. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यांनी आकृती आणि समीकरणं लिहून ठेवली. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं, इतकं ते तेव्हा अशक्य वाटत होतं. पुढे १९४७ मध्ये विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात व्हॉल्व्हचा १५ वॅटचा अ‍ॅम्प मांडला. भरपूर फीडबॅक वापरून त्याचं डिस्टॉर्शन ०.१ टक्क्यावर आणलेलं होतं. घरातल्या उत्तम आवाजाची मोजपट्टी तिथून सुरू झाली असं मी मानतो.

फीडबॅक आणखी एक काम करतो, आणि राहिलेल्या फरकाचं उत्तर त्यात आहे. तो अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा त्याचा स्वतःचा अडथळा, खाली आणतो. अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागे एक जोडलेल्या दोन रोधांसारखे असतात. व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. स्पीकरवर ‘८ ओहम’ छापलेलं असलं तरी तो आकडा सरासरी समजावा. खऱ्या स्पीकरचा इम्पीडन्स सुराप्रमाणे ४ ओहमपासून २० ओहमपर्यंत हेलकावतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पीडन्स ०.०२ ओहम असेल, तर या हेलकाव्याने आवाजात पडणारा फरक ०.०४ डेसिबलही नाही. पण फीडबॅक नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा तो २ ओहम असेल, तर स्पीकर २० ओहमवर असतो तिथे ०.८ डेसिबल गळतात आणि ४ ओहमवर असतो तिथे ३.५. फरक झाला २.७ डेसिबलचा. टोन कंट्रोल फिरवल्यासारखाच हा बदल, फक्त त्याचा नकाशा स्पीकरच्या वक्राने आखलेला. म्हणून तोच व्हॉल्व्ह अ‍ॅम्प एका घरी मधाळ लागतो आणि दुसऱ्या घरी बोथट. दोन्ही ऐकणारे खरं सांगत असतात.

या मुद्द्यावरचा सर्वांत रोमहर्षक प्रयोग १९८५ चा आहे. अमेरिकेतल्या बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला सांगितलं की, तुमच्या पसंतीचा कितीही महाग अ‍ॅम्प द्या, माझा स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मी ४८ तासांत त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. मासिकाने एक महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दिला. कार्व्हर यांची पद्धत सुरेख होती. दोन्ही अ‍ॅम्पना एकच सिग्नल द्यायचा आणि स्पीकर दोघांच्या आउटपुटच्या मधोमध जोडायचा. दोघं तंतोतंत सारखे असतील तर स्पीकरला व्होल्टेजच मिळत नाही, तो गप्प राहतो. जे ऐकू येतं तो फक्त फरक. एका खोलीत बसून, भाग बदलत बदलत त्यांनी तो फरक ७० डेसिबलने खाली नेला, म्हणजे मूळ सिग्नलच्या ३,००० व्या भागाइतका. मासिकाच्या समीक्षकांना दोन अ‍ॅम्प वेगळे ओळखता आले नाहीत आणि त्यांनी ते छापून मान्य केलं. पुढे बाजारात आलेल्या नगांमध्ये इतकी खोल शांतता मिळाली नाही, हेही त्याच मासिकाने मोजून नोंदवलं. पण मुद्दा सिद्ध झाला होता: व्हॉल्व्हचा आवाज मोजता येतो आणि नकलताही येतो. दोन वर्षांनी ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने सुमारे २०० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह जोडीपर्यंत अनेक अ‍ॅम्प पातळी जुळवून, नावं झाकून ऐकवले. श्रोत्यांची उत्तरं नाणेफेकीच्या पलीकडे गेली नाहीत.

मग लाखो रुपये कशाचे? काही गोष्टी खऱ्या आहेत. अपोजी सिंटिलासारखा स्पीकर १ ओहमच्या आसपास करंट मागतो, तिथे साधा अ‍ॅम्प गुडघे टेकतो. क्रेल कंपनीचा केएसए-५० हा अ‍ॅम्प अशा हट्टी स्पीकरांना पेलण्याबद्दल नावाजला गेला. जाड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, वीस-पंचवीस वर्षांनी उघडून दुरुस्त करता येईल अशी बांधणी, यांना पैसे पडतात आणि पडावेत. तुमचा स्पीकर ४ ओहमच्या खाली जात नसेल आणि खोली दहा बाय पंधराची असेल, तर मात्र मी तो पैसा स्पीकरवर घालेन. नाहीतर जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांच्या कपाटावर. आपल्या फ्लॅटमधली उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती आवाजात जेवढा गोंधळ घालतात, तेवढा कुठलाही धड अ‍ॅम्प घालत नाही.

तर, व्हॉल्व्हचा तो फरक. मित्राने तपकीर गल्लीतून २ ओहमचे दोन जाड वायरवाउंड रेझिस्टर आणले आणि क्लास डी अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये एकेक जोडला. पुन्हा पातळी जुळवली, आवाज ८ वॅटला झेपेल इतका हळू ठेवला. त्याच्या मुलीने पडद्याआड नाणं उडवून तारा बदलल्या, आम्ही कागदावर लिहीत गेलो. सोळा फेऱ्या ठेवल्या होत्या, कारण सोळापैकी बारा उत्तरं निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. रेझिस्टर नसताना मित्राने व्हॉल्व्ह जवळपास प्रत्येक वेळी ओळखला होता. रेझिस्टर घातल्यावर तो आणि मी दोघंही निम्म्याच्या आसपास घोटाळत राहिलो. तानपुरा दोन्हीकडे तसाच मऊ, जवारी तशीच पसरलेली.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्याने विकलेला नाही. संध्याकाळी दिवे मंद करून तो ख्याल त्यावरच ऐकतो, त्या काचेतला नारिंगी उजेड त्याला आवडतो आणि तो मलाही आवडतो. तबला सोलो लावायचा असला की उठून स्पीकरच्या तारा क्लास डीला जोडतो, रेझिस्टर काढून.