हत्तिणीच्या पायाखाली काय आहे?

जुलै २०२५ च्या अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातून महादेवी हत्तीण गुजरातमधल्या वनतारा या प्राण्यांच्या पुनर्वसन केंद्राकडे निघाली, तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं होतं. लोकांच्या लेखी ती माधुरी. १९९२ पासून मठात असलेली, मुलांनी जिच्या सोंडेला हात लावत मोठं व्हावं अशी. मुंबई उच्च न्यायालयाने तिला हलवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही, आणि काही दिवसांतच हजारो माणसं तिच्यासाठी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेली.

त्या माणसांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण सगळा वाद माया कुणाची खरी यावरच रंगला. न्यायालयापुढे पायांचं दुखणं, वाढलेली नखं, सांध्यांचा आजार आणि सतत डोकं हलवण्याची सवय या नोंदी आल्या होत्या. त्यावर चावडीवर फारसं कुणी बोललं नाही. नांदणीत नेमकं काय घडलं याचा निवाडा मी करत नाही. पण याच तक्रारी जगभरच्या बांधलेल्या हत्तींत पुन्हा पुन्हा का दिसतात, हे हत्तीच्या शरीराकडे पाहिलं की कळतं.

पायापासूनच सुरुवात करू. बाहेरून तो सरळसोट खांब वाटतो. आत मात्र हाडं चवड्यावर उभी असतात, उंच टाचेची चप्पल घातलेल्या माणसासारखी. टाचेच्या जागी चरबीची आणि चिवट तंतूंची जाड गादी असते. पाऊल टेकलं की ही गादी पसरते, उचललं की आकसते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या जॉन हचिन्सन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की या गादीत सहाव्या बोटासारखं एक जादा हाड टेकू देत असतं. अडीच-तीन टनांचा देह इतक्या हलक्या, जवळजवळ मुक्या पावलांनी चालतो तो या रचनेमुळे.

ही रचना चालण्यासाठी आहे. तळव्याची कातडी आणि नखं जन्मभर वाढत राहतात आणि माती, वाळू, दगडगोटे तुडवताना झिजत राहतात. एकाच ठिकाणी उभं ठेवलं की झीज थांबते, वाढ थांबत नाही. नखं वेडीवाकडी होतात, तळव्याला भेगा पडतात. खाली काँक्रीट आणि त्यावर स्वतःचंच मूत असेल तर भेगांतून जंतू शिरतात, पू होतो, आणि हयगय झाली तर संसर्ग हाडापर्यंत पोचतो. तिथून हत्तीला वाचवणं फार अवघड. माणसासारखा त्याला महिनाभर पाय वर करून झोपवता येत नाही. तेच दुखरे पाय त्याला उभ्याउभ्या वापरावे लागतात. चांगला माहूत रोज पाय धुतो, नखं तासतो. पण त्याने चालण्याची भरपाई होत नाही.

आता ते डोलणं. साखळीने बांधलेला हत्ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, डोकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तासन् तास एकाच ठेक्यात. बघणाऱ्याला तो खुशीत वाटतो. रानातला हत्ती दिवसाचे सोळा-सोळा तास चारा शोधण्यात आणि खाण्यात घालवतो, सोंडेला सतत काही ना काही काम असतं. ते सगळं काढून घेतलं की उरते ती ही निरर्थक हालचाल. एकदा मुरली की परिस्थिती सुधारल्यावरही ती पुरती जाईलच असं नाही.

२००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात साडेचार हजारांहून जास्त हत्तींच्या नोंदींचा अभ्यास आला. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्म्या हत्तिणी ज्या वयाच्या आत मरतात ते) १८.९ वर्षं निघालं आणि म्यानमारमध्ये सरकारी लाकूडतोडीला जुंपलेल्या हत्तिणींचं ४१.७. मला यातली खरी गोष्ट ही वाटते की म्यानमारच्या हत्तिणीही बंदीच होत्या. त्या ओंडके ओढायच्या, त्यांचं फार कौतुकही होत नसे. मात्र काम संपल्यावर रात्री त्यांना जंगलात चरायला सोडत. तिथे चालणं होतं, चारा निवडणं होतं, दुसऱ्या हत्तींची गाठभेट होती. आपल्याकडे गडचिरोलीतल्या कमलापूरच्या कॅम्पमधले हत्तीही असेच जंगलात चरायला जातात. म्हणजे बंदिवासातही जमीनअस्मानाचा फरक असतो.

सोबतीचं तर विचारूच नका. हत्तीण आई, मावशा, बहिणी यांच्या कळपात जन्मभर राहते. १९८४ मध्ये केटी पेन या संशोधिकेला पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं असताना हवेत धडधड जाणवली. त्यातूनच कळलं की हत्ती आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या खर्जात बोलतात. रानात ही हाक काही किलोमीटर जाते. हा शोध बंदिवासातल्या हत्तींमुळेच लागला, हे मान्य करायलाच हवं. पण एकट्या पाळलेल्या हत्तिणीच्या हाकेला उत्तर द्यायला कुणी नसतं, हेही त्याच शोधाने सांगितलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: मठ की वनतारा, हा प्रश्न अपुरा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी वनताराने दाखवली. ते झालं तर जमीन मातीची आहे का, रात्री साखळी असते का, रोज किती चालणं होतं, सोबतीला दुसरी हत्तीण आहे का, हे विचारा. वनतारालाही हेच विचारा. माणसांत वाढलेल्या हत्तिणीला रानात सोडून देणं सहसा जमत नाही, त्यामुळे आज आहेत त्यांना एवढं तरी मिळायला हवं.

नवा हत्ती मात्र कुणीही आणू नये. बंदिवासात हत्तींची वीण कमी, त्यामुळे बांधलेल्या हत्तींची परंपरा रानातले हत्ती पकडूनच टिकली. तरीही २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीने धार्मिक ‘किंवा इतर कारणासाठी’ हत्तींच्या हस्तांतराला वाट ठेवली आहे; ती बंद व्हायला हवी. मिरवणुकीसाठी पर्याय आहेत. केरळात त्रिशूरजवळच्या इरिंजाडप्पिळ्ळी कृष्ण मंदिराने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोखंड-रबराचा, सोंड आणि कान हलवणारा यांत्रिक हत्ती देवाच्या सेवेत आणला, आणि त्यानंतर दक्षिणेतल्या आणखी काही देवस्थानांनी तसंच केलं.