पाण्यातील चालणे

कंबर, छाती किंवा गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभ्याने पावले टाकत करायचा व्यायाम. गुडघ्याची झीज, पाठदुखी, स्थूलता आणि पायाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन यांसाठी फिजिओथेरपीत तो सांगितला जातो. पाण्यात वजन लागत नाही म्हणून तो सोपा, हा समज अर्धाच खरा आहे. सांध्यांवरचा भार उतरतो. स्नायूंना मात्र वेगळे आणि बरेचदा जास्त काम पडते.

जमिनीवर सपाटीवर चालताना प्रत्येक पावलाला तळपायावर शरीराच्या वजनाच्या १.१ ते १.२ पट बल येते. टाच टेकताना एकदा आणि चवड्याने रेटा देताना पुन्हा एकदा ते शिगेला पोचते. पाण्यात हे दोन्ही हिसके बोथट होतात. ७० किलोचा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला की पायांवर सुमारे ३५ किलोच भार उरतो, छातीपर्यंतच्या पाण्यात साधारण एक तृतीयांश आणि गळ्यापर्यंत गेल्यास जेमतेम ७ किलो. मात्र इतक्या खोल पाण्यात टाच नीट टेकत नाही, माणूस चवड्यांवर तरंगत पुढे सरकतो आणि चालण्याची ढब बिघडते. चाल सुधारायची असेल तर कंबर ते छाती एवढीच खोली बरी.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. वेग दुप्पट केला की त्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे जमिनीवरच्या वेगाच्या निम्म्या किंवा एक तृतीयांश वेगानेही तेवढीच ऊर्जा खर्च होते. अंग तोलून धरणाऱ्या पोटरीच्या स्नायूंचे काम घटते, तर पाय मागे रेटणाऱ्या नितंबाच्या व मांडीमागच्या स्नायूंचे वाढते. जिना उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात. तसा ताण पाण्यात फारसा येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अंग कमी दुखते.

हृदयावरचा परिणाम बाहेरून दिसत नाही, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यात अर्ध्या लिटरहून अधिक रक्त असे वर सरकते. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकते आणि, पाणी गरम नसेल तर, तेवढ्याच श्रमाला नाडी जमिनीपेक्षा कमी भरते. जमिनीवरचे नाडीचे आकडे पाण्यात लावले तर व्यायाम अती होण्याचा धोका असतो. बोलताना दम लागतो का, हे पाहणे अधिक भरवशाचे. छातीत वाढलेल्या रक्तामुळे मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात, म्हणून पाण्यात असूनही पाणी पिणे गरजेचे आहे. छातीवरच्या दाबाने श्वास घ्यायला जोर लागतो. दम्याच्या रुग्णांना तो लगेच जाणवतो.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. झपाझप चालायला २८ ते ३० अंश सेल्सियसचे पाणी मानवते. सावकाश उपचारांसाठी ३३ अंशांच्या आसपासचे लागते.

हाडांच्या बाबतीत मात्र जमीनच सरस. भार पेलल्याने हाडे बळकट राहतात आणि नेमका तोच भार पाण्यात कमी होतो. त्यामुळे सांधे साथ देत असतील तर जमिनीवरचे चालणे पूर्ण सोडू नये. उघडी जखम, अंगात ताप किंवा आटोक्यात नसलेला हृदयविकार वा अपस्मार असल्यास पाण्यात उतरू नये. बाहेर येताना कठडा धरून सावकाश चढावे: दाब नाहीसा होताच रक्त पुन्हा पायांत उतरते आणि चक्कर येऊ शकते.