पहिल्यांदा ड्रॅग शर्यतीला गाडी नेणाऱ्या ग्राहकांसाठी : क्लचविषयी थोडे सविस्तर

लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर किंवा अन्यत्र कुठे ड्रॅग शर्यत (थांबलेल्या जागेवरून सुटून सरळ पट्ट्यावरचे थोडे अंतर कमीत कमी वेळात कापण्याची स्पर्धा) जाहीर झाली, की आमच्या गॅरेजमध्ये दोन प्रकारची गर्दी होते. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ‘दोन दिवसांत गाडी तयार करून द्या’ असे सांगणारे ग्राहक येतात आणि शर्यतीनंतरच्या सोमवारी त्यांतल्याच काहींच्या गाड्या टोइंग व्हॅनवरून येतात. या गाड्यांचे बॉनेट उघडण्याची गरज नसते, कारण जळक्या क्लचचा वास फाटकातच येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्लच बदलायचा, तर दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि त्यात एका मेकॅनिकचा पूर्ण दिवस जातो. एकाच वेळी अशा चार गाड्या उभ्या राहिल्या, की सर्व्हिसिंगसाठी आलेल्या इतर ग्राहकांचा खोळंबा होतो. म्हणून हे पत्रक.

चूक बहुतेकांची एकच असते. दिवे लागण्याची वाट पाहताना इंजिन चार-साडेचार हजार आरपीएमवर नेऊन गाडी हाफ क्लचवर धरून ठेवली जाते, म्हणजे हिरवा दिवा लागताच गाडी सुटेल अशी समजूत असते. त्या काही सेकंदांत क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली जड चकती) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला तिच्यावर दाबून धरणारी चकती) यांच्यामध्ये घासत राहते आणि इंजिनची शक्ती चाकांकडे जाण्याऐवजी उष्णतेत खर्च होते. क्लच बंद आवरणात असल्यामुळे ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडून ठेवल्याने इंजिन निवते, पण क्लच जवळजवळ तसाच तापलेला राहतो. पहिली फेरी बरी जाते, दुसरीत वास येतो आणि तिसरीत इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असा क्रम आम्ही अनेक ग्राहकांच्या तोंडून ऐकला आहे.

गिअरबॉक्स उतरवल्यावर ‘प्लेटच खराब होती’ की ‘प्लेट जाळली’ हे स्पष्ट दिसते. जाळलेल्या क्लचमध्ये फ्लायव्हीलवर निळसर डाग पडलेले असतात, प्रेशर प्लेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतात आणि आवरणात काळी भुकटी साचलेली असते. अशा क्लचवर आम्ही वॉरंटी देत नाही. काही ग्राहकांना याचा राग येतो, तो आम्ही समजू शकतो. मात्र काढलेले भाग आम्ही टाकून न देता ग्राहकासमोर टेबलावर मांडतो, ते याच कारणासाठी.

मुळात पहिल्या वेळी एवढ्या घाईची गरजच नसते. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 402 मीटरच्या धावेची वेळ हिरवा दिवा लागल्यापासून मोजली जात नाही. तुमचे पुढचे चाक सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण सोडते, तेव्हा ती सुरू होते. दिवा लागल्यावर तुम्ही अर्धा सेकंद उशिरा निघालात, तरी तो उशीर प्रतिसादाची वेळ म्हणून वेगळा नोंदला जातो. शेजारच्या गाडीशी लढत असेल तर तो महत्त्वाचा ठरतो, पण आपली गाडी किती सेकंदांत जाते एवढेच पाहायचे असेल तर ठरत नाही. म्हणून रेषेवर क्लच पूर्ण दाबलेला ठेवावा, दिवे सुरू झाल्यावर इंजिन अडीच ते तीन हजारांवर आणावे आणि साधारण एका सेकंदात, एकाच लयीत क्लच सोडून लगेच पाय बाजूला घ्यावा. क्लच झटक्याने सोडला तर चाके जागच्या जागी फिरतात, फार रेंगाळत सोडला तर प्लेट जळते. मधली जागा तीन-चार फेऱ्यांत पायाला कळते. पहिल्या 60 फुटांत वाचवलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीड-दोन दशांश होतो, त्यामुळे ताकद वाढवण्यावर पैसे घालण्यापूर्वी ही सुटण्याची कला शिकणे कितीतरी स्वस्त पडते. (हे सांगून आम्ही आपलाच धंदा थोडा कमी करतो, याची आम्हाला कल्पना आहे.)

रांगेत थांबतानाही हेच पथ्य पाळावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाय क्लचवरून काढावा आणि दोन-दोन फूट सरकायचे असेल तर मित्राला मागून ढकलायला सांगावे. यात कमीपणा नाही. रेषेवर येताना गाडी जागेवर येत असल्याचे दाखवणारा पहिला दिवा लागल्यानंतर दुसऱ्यासाठी जेमतेम सात इंच पुढे जायचे असते. तिथे हाफ क्लचवर मागे-पुढे करत बसू नये.

आता आदल्या आठवड्याविषयी. नव्या क्लचची प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांना नीट बसण्यासाठी शहरातल्या थांबत-निघत जाण्याचे किमान 500 ते 800 किलोमीटर लागतात. मागच्या हंगामात एका ग्राहकाच्या आग्रहाखातर आम्ही गुरुवारी क्लच बसवून दिला आणि शनिवारी संध्याकाळी तो जळाला. तेव्हापासून शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत आम्ही शर्यतीसाठी क्लचचे काम घेत नाही. ओळखीच्यांसाठीही हा नियम बदलत नाही.

इतर गोष्टी थोडक्यात. इंजिनची ताकद ज्यांना मिळते त्या चाकांतली हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआयने कमी करावी, त्याहून अधिक नको, आणि परतीला निघण्यापूर्वी ती पुन्हा भरून घ्यावी. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या उतरवून ठेवाव्यात. रांगेत शिरण्याआधीच एसी बंद करावा, कारण त्याचे थेंब सुरुवातीच्या रेषेवर पडले तर तुमच्यासह मागच्यांचीही चाके घसरतात. तांत्रिक तपासणीत सैल बॅटरी, गळणारे ऑइल आणि झिजलेले टायर एवढ्यावरूनही गाडी परत पाठवली जाऊ शकते. हेल्मेट, बंद बूट आणि सुती कपडे न्यावेत. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबून दोन-तीन सेकंदांहून अधिक थांबू नये.

सर्वसाधारण मोटार विम्यात शर्यतीतले नुकसान भरून मिळत नाही, हे जाण्यापूर्वी लक्षात घ्यावे. स्पर्धा एफएमएससीआयच्या (देशातील मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेची आहे का आणि कोणता परवाना लागेल, हे आयोजकांकडून विचारून घ्यावे. बायपासवर रात्री ‘सराव’ करण्यासाठी आमच्याकडून कोणतीही मदत मिळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीला पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शर्यतीपूर्वीच्या तपासणीत आम्ही क्लचची पकड, ब्रेक, चाकांचे नट, होजपाइप आणि बॅटरीची पट्टी पाहतो आणि गाडी जशी आहे तशी न्यावी की क्लच बदलावा, हे लेखी देतो. बहुतेक गाड्यांना काहीच बदलावे लागत नाही. क्लच बदलायचे ठरल्यास तपासणीचे शुल्क त्या बिलातून वजा केले जाते. शर्यतीनंतरच्या सोमवारी आम्ही दोनच गाड्यांचा गिअरबॉक्स उतरवतो, त्यामुळे रविवारी वास आला असेल तर गाडी आणण्यापूर्वी फोन करावा.