जड शब्द म्हणजेच चांगली मराठी?

'संस्कृत शब्द जितके जास्त, तितकी भाषा दर्जेदार' हे आपण शाळेपासून ऐकतो. समज स्वाभाविक आहे. निबंधात 'सूर्य उगवला'पेक्षा 'रविराजाचे आगमन झाले' याला शाबासकी मिळायची.

पण 'मी आंबा खाल्ला' आणि 'आंबा मी खाल्ला' यांत शब्द तेच आहेत. पहिल्यात काय खाल्लं ते ठसतं, दुसऱ्यात कोणी खाल्ला ते. मराठीत जोर बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी पडतो, आणि ही सोय फार मोलाची आहे. 'पोटात गोळा आला' हे तीन साधे शब्द भीती अंगावर आणतात. 'भयाकुल झालो' ती फक्त कळवतं.

पडताळायचं तर आपलाच परिच्छेद मोठ्याने वाचा, जड शब्दांच्या जागी साधे घाला, पुन्हा वाचा. काहीच हरवलं नाही तर ते नुसतं ओझं होतं. 'करुणा'च्या जागी मात्र 'दया' बसत नाही. तिथे तोच शब्द हवा.