ब्राउझरवाल्यांनी प्रायव्हसीसाठी भांडावं का? वादाची पार्श्वभूमी

ब्राउझर बनवणाऱ्यांनी लोकांच्या प्रायव्हसीसाठी चळवळ करावी, की नुसतं सेटिंग देऊन थांबावं, हा वाद परत पेटला तो फेब्रुवारी २०२५ मधे, मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरच्या वापराच्या नव्या अटी आल्या तेव्हा, आणि पेटायला एक शब्द पुरला, 'विकणं'. मी म्हापशात कॉम्प्युटर शिकलो तेव्हापासून हाच ब्राउझर वापरतोय, त्यामुळे मला या प्रकरणात तटस्थ राहणं जमणार नाही हे आधीच सांगतो.

थोडं मागे जाऊ. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमधे ठेवलेली छोटी नोंद. ती १९९४ ची, खरेदीच्या साइटला तुमची टोपली लक्षात राहावी म्हणून काढलेली. तुम्ही उघडलेल्या साइटच्या नव्हे तर तिसऱ्याच कुणाच्या कुकीज मुळातच बंद ठेवा असं १९९७ च्या मानकात स्पष्ट लिहिलं होतं, पण तेव्हाच्या मोठ्या ब्राउझरांनी ते पाळलं नाही, आणि पुढची पंचवीसेक वर्षं आपण तेच निस्तरतोय. १९९८ ला नेटस्केप या ब्राउझरचा कोड खुला झाला, २००३ ला त्यातून मोझिला ही ना-नफा संस्था उभी राहिली, २००५ ला त्या संस्थेच्या मालकीची कंपनी. हे दोन मजले लक्षात ठेवा, कारण चळवळ वरच्या मजल्यावर, म्हणजे संस्थेत चालायची आणि पैसा खालच्या मजल्यावरून, म्हणजे कंपनीतून यायचा, तोही बहुतेक सगळा एका सर्च इंजिनकडून, जे स्वतः जाहिरातींवर जगतं. २००७ च्या जाहीरनाम्यात संस्थेने इंटरनेटवरची सुरक्षा ही मूलभूत गोष्ट आहे, ऐच्छिक नाही, असं लिहून टाकलं, पुढे त्या वाक्यात प्रायव्हसीही जोडली.

ब्राउझरने नुसतं सेटिंग दिलं की काम झालं असं म्हणणाऱ्यांनी २०११ नंतरचा काळ बघावा. 'माझा माग काढू नका' असं साइटला कळवायचं बटण फायरफॉक्सने २०११ ला आणलं. ते पाळायची सक्ती कुणावरच नव्हती. २०१२ ला दुसऱ्या एका ब्राउझरने ते आपोआप चालू ठेवलं तर जाहिरातवाले म्हणाले, ही वापरणाऱ्याची इच्छाच नाही, मग आम्ही का ऐकायचं? माग काढणं म्हणजे नक्की काय यावरच वेबची मानकं ठरवणाऱ्या गटात वर्षानुवर्षं बैठका होत राहिल्या आणि जानेवारी २०१९ मधे तो गट बंद झाला. बाहेरच्या कुकीज मुळातच बंद करायचा फायरफॉक्सचा बेत २०१३ ला जाहीर झालेला, तो जाहिरातवाल्यांच्या आरडाओरड्यात लांबला आणि माग काढणाऱ्या कुकीज सगळ्यांसाठी आपोआप अडवायला सप्टेंबर २०१९ उजाडलं. क्रोमने २०२० ला बाहेरच्या कुकीज दोन वर्षांत काढतो म्हणून सांगितलं आणि जुलै २०२४ ला बेत सोडला. कायदा आणि लोकांचा दबाव मागे नसेल तर बटणाला किंमत नाही, हे मी त्या वर्षांत शिकलो.

आपल्याकडे २०१७ ला सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, डेटाचा कायदा यायला २०२३ लागलं. गोव्यात त्याच वर्षी जानेवारीत पर्यटन खात्याने सांगितलं की किनाऱ्यावर परक्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, म्हणजे विषय आपल्याला नवा नाही. तरी भाड्याची स्कूटर घेताना आधारची झेरॉक्स आपण न विचारता देतोच.

आता तो शब्द. तुमचा डेटा कधी विकला नाही, विकणारही नाही, असं वचन फायरफॉक्सच्या पानावर होतं, ते काढलं. कारण असं दिलं की काही ठिकाणच्या कायद्यात विक्रीचा अर्थ फार रुंद आहे. हे खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्यात पैसेच हवेत असं नाही, दुसरा काही मोलाचा मोबदला मिळाला तरी ती विक्री. आपल्याकडे नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला मजुरी म्हणून नारळ दिले तर कुणी 'नारळ विकले' म्हणत नाही, पण त्या व्याख्येत ते बसेल. नव्या टॅबवरच्या जाहिराती, सर्चच्या पट्टीतल्या पैसे घेऊन दाखवलेल्या सूचना, यांच्यासाठी काही माहिती भागीदारांकडे जाते हे संस्थेने स्वतःच सांगितलं, ती ओळख पुसून किंवा एकत्र करून दिली जाते असंही सांगितलं. मग माझं म्हणणं एवढंच की वचन तसंच ठेवून खाली लिहायचं होतं, अमुक माहिती अमुक कामासाठी जाते, अमुक राज्यात याला विक्री म्हणतात. वाचणाऱ्याला कळलं असतं. वचनच पुसलं की माणूस सगळ्यात वाईट अर्थ घेतो, आणि लोकांनी तो घेतला. दोन दिवसांत अटींची भाषा बदलावी लागली.

हे समजावून सांगायला जी माणसं लागतात ती तीन महिन्यांपूर्वीच गेली होती. नोव्हेंबर २०२४ मधे वरच्या मजल्यावरचे सुमारे ३० टक्के लोक कमी केले आणि चळवळीचा विभागच बंद केला. हे काम आता सगळ्याच विभागांत मिसळेल, असं संस्थेचं म्हणणं होतं. त्याच वर्षी जूनमधे खालच्या मजल्याने जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक कंपनी विकत घेतली, जुलैत तशी मोजणी ब्राउझरमधे न विचारता चालू केली आणि सप्टेंबरमधे युरोपातल्या प्रायव्हसी गटाने ऑस्ट्रियात तक्रार केली. गूगलच्या मक्तेदारीवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात सर्चचा पैसा कोर्टाच्या निकालाने जाईल ही भीती तेव्हा खरी होती, म्हणून जाहिरातींकडे वळले हे मी समजू शकतो (तो पैसा चालू ठेवायला सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने परवानगी दिली). पण विभाग बंद करणं मला अजून पटलेलं नाही.

आणि वेळ बघा. आपल्या डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला हरकतींसाठी खुला झाला होता, हा गोंधळ चालू असताना तो खुलाच होता. नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीत आणि कोंकणीतही. या कायद्यात विक्रीची व्याख्या नाही, त्यामुळे त्या नोटिशीत 'देतो', 'वाटतो' की 'विकतो' लिहायचं हे प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवणार.